एकाच संगणकात वेगळ्या खोल्या: व्हर्च्युअल मशीन वापरून ॲप्स अलग कशी ठेवायची

ईमेलमधून आलेली एक पीडीएफ तुम्ही उघडता. ती उघडणारं ॲप तुमच्या नावाने चालतं, म्हणून तुम्हाला जे जे दिसतं ते त्यालाही दिसतं: फोटो, आर्थिक कागदपत्रं, ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, शेजारच्या फोल्डरमधलं कामाचं सगळं साहित्य. त्या पीडीएफमध्ये वाचक ॲपमधल्या एखाद्या चुकीचा फायदा घेणारा कोड दडलेला असेल, तर तुमच्या फाइल्सपर्यंत पोचायला त्याला आणखी कुठलंही कुलूप तोडावं लागत नाही. नेहमीच्या संगणकावर एकाच माणसाची ॲप्स एकमेकांपासून फारशी वेगळी नसतात. सगळ्यांचा संसार एकाच खोलीत.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम, ही त्याच संगणकात बांधलेली वेगळी खोली. तिला स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. आत गडबड झाली तरी ती सहसा आतच राहते. पण व्हीएम तयार करून थांबणाऱ्यांचीच संख्या मोठी. भिंत अर्ध्या तासात उभी राहते. त्या भिंतीत सोयीसाठी ठेवलेली दारं, म्हणजे सामाईक क्लिपबोर्ड, सामाईक फोल्डर, घरचं नेटवर्क, तशीच उघडी राहतात. म्हणून या लेखात व्हीएम बनवण्याला थोडी जागा दिली आहे आणि दारं बंद करण्याला जास्त.

पुढे दोन शब्द सतत येतील. होस्ट म्हणजे तुमचा मूळ संगणक आणि त्यावरची मूळ यंत्रणा. गेस्ट म्हणजे व्हीएमच्या आत चालणारी यंत्रणा.

१. आधी कामांची वाटणी करा

संगणकाला हात लावण्याआधी कागद घ्या. आठवडाभरात संगणकावर काय काय करता ते लिहा आणि त्याचे तीन गट पाडा.

पहिला गट जोखमीचा: अनोळखी माणसाकडून आलेली अटॅचमेंट, शंकास्पद लिंक, कुठून तरी उतरवलेलं छोटं सॉफ्टवेअर. दुसरा रोजचा: ब्राउझिंग, ईमेल, चॅट. तिसरा जपायचा: बँक, मुख्य ईमेल खातं, पासवर्ड मॅनेजर, डिजिटल सही करण्याच्या किल्ल्या.

इथेच नवखे लोक पहिली चूक करतात. जोखमीचं तेवढं व्हीएममध्ये टाकतात आणि रोजचं ब्राउझिंग मात्र होस्टवरच चालू ठेवतात. घातक कोड आत शिरण्याचा सगळ्यात वाहता रस्ता रोजचा ब्राउझर आणि रोजचा ईमेल हाच असतो. आणि होस्ट एकदा बाधित झाला की व्हीएमच्या भिंतींना अर्थ उरत नाही. गेस्टमध्ये दाबलेली प्रत्येक कळ आधी होस्टमधून जाते, गेस्टची डिस्क ही होस्टवरची एक फाइल असते, गेस्टचा पडदा होस्टच काढतो. तिथे कुंपणच शेत खाऊ लागलं तर आतलं पीक वाचत नाही.

म्हणून नियम असा: होस्टवर ब्राउझिंग नाही, ईमेल नाही, कागदपत्रं उघडणं नाही. होस्टचं काम फक्त व्हीएम चालवणं, स्वतःचे अपडेट घेणं आणि बॅकअप काढणं. हे पहिल्या दिवशी जमणार नाही. महिनाभरात एकेक काम आत हलवा.

सुरुवातीला दोनच व्हीएम करा, एक रोजची आणि एक कागदपत्रं उघडायची. जपायच्या कामांसाठी तिसरी नंतर. पहिल्याच दिवशी सहा व्हीएम उभारणारा माणूस पंधरा दिवसांत कंटाळून पुन्हा होस्टवर येतो.

२. काय काय लागेल

• प्रोसेसर: इंटेलचा व्हीटी-एक्स किंवा एएमडीचा एएमडी-व्ही हा आधार असलेला. ही सोय २००५-०६पासून येऊ लागली, त्यामुळे आज वापरात असलेल्या बहुतेक संगणकांत ती आहे.
• मेमरी: ८ जीबीमध्ये एका वेळी एक व्हीएम चालते, तीही जपून. दोन-तीन एकत्र चालवायच्या तर १६ जीबी हवी.
• डिस्क: एसएसडीवर किमान ८० जीबी मोकळी जागा. फिरत्या हार्ड डिस्कवर दोन व्हीएम एकदम चालल्या की सगळंच गोगलगाय होतं.
• व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर: विंडोज, लिनक्स आणि इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर व्हर्च्युअलबॉक्स. लिनक्सवर केव्हीएम आणि त्याचा व्हर्ट-मॅनेजर हा पर्यायही उत्तम आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकसाठी यूटीएम घ्या आणि गेस्टची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करण्याच्या डिस्कची फाइल, एआरएम प्रकारची निवडा. नेहमीची ६४-बिट इंटेल आयएसओ तिथे फार हळू चालते.
• गेस्टसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ: डेबियन ही मोफत लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. कमी मेमरीत चालतं, परवान्याचा प्रश्न नाही. गेस्ट म्हणून विंडोज हवी असेल तर तिचा वेगळा परवाना लागतो.
• बॅकअपसाठी बाहेरची डिस्क.
• होस्टच्या संपूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. हे नसेल तर लॅपटॉप चोरणाऱ्याला सगळ्या व्हीएम साध्या फाइल्ससारख्या मिळतात.

पुढच्या पायऱ्या व्हर्च्युअलबॉक्स धरून लिहिल्या आहेत. मेनूची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, मुद्दे तेच राहतात. बरीचशी सेटिंग्ज एक्स्पर्ट मोडमध्येच दिसतात, तेव्हा तसा पर्याय असेल तर आधी तो चालू करा.

३. प्रोसेसरमधली सोय चालू करा

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक करा. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ दिसलं तर ही पायरी झाली. ‘डिसेबल्ड’ असेल तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जा. इंटेलच्या बोर्डांवर हा पर्याय बहुधा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने असतो, एएमडीच्या बोर्डांवर ‘एसव्हीएम मोड’. तो चालू करा, बदल साठवा, बाहेर पडा.

विंडोजवर आणखी एक अडचण येते. व्हीएम सुरू होते, पण फार रेंगाळते आणि खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचं चित्र दिसतं. याचा अर्थ विंडोजचा स्वतःचा व्हीएम चालवणारा भाग, हायपर-व्ही, आधीच प्रोसेसरवर ताबा ठेवून आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. हायपर-व्ही बंद करून वेग मिळतो, पण विंडोज सिक्युरिटीमधलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे संरक्षणही त्याच आधारावर चालतं. माझं मत असं की होस्टचं ते संरक्षण घालवून वेग विकत घेऊ नका. काम चालण्याइतका वेग असेल तर कासव राहू द्या. नसेल आणि तुमची विंडोज प्रो असेल तर थेट हायपर-व्हीवरच व्हीएम बांधा.

४. उतरवलेल्या फाइल्स तपासा

व्हर्च्युअलबॉक्स आणि डेबियन, दोन्ही त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. सगळी भिंत ज्या पायावर उभी राहणार तो पायाच बनावट असेल तर पुढचं सगळं फुकट. दोन्हीकडे फाइलसोबत एसएचए-२५६ची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या ठशासारख्या आकड्याची, यादी दिलेली असते. विंडोजवर पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने आणि लिनक्सवर एसएचए२५६समने तुमच्या फाइलचा ६४ अक्षरी आकडा काढा आणि यादीतल्याशी जुळवा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून भागवू नका, पूर्ण ओळ शोध-खिडकीत चिकटवून जुळते का ते बघा. डेबियनच्या यादीवर डिजिटल सहीही असते. ती तपासता येत असेल तर जरूर तपासा.

व्हर्च्युअलबॉक्सचं एक्स्टेन्शन पॅक वेगळं उतरवावं लागतं आणि त्याचा परवाना वेगळा आहे. व्यक्तिगत वापर, शिक्षण आणि चाचणी यांपुरतंच ते मोफत आहे. या लेखातल्या कामासाठी ते लागत नाही, तेव्हा घालूच नका. जो कोड बसवलेला नाही त्यातल्या चुकीचा त्रासही होत नाही.

५. पायाभूत व्हीएम बांधा

‘न्यू’ दाबा, नाव ‘पाया’ द्या, आयएसओ निवडा. काही आवृत्त्यांत इथे आपोआप इन्स्टॉल करण्याची सोय चालू असते. ती वापरली तर ‘व्हीबॉक्सयूझर’ हे ठरलेलं नाव आणि ‘चेंजमी’ हा ठरलेला पासवर्ड सुचवला जातो, आणि घाईत तोच राहून जातो. ‘स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’वर खूण करा आणि हाताने इन्स्टॉल करा.

आकडे असे ठेवा: मेमरी २०४८ एमबी, ब्राउझर चालणार असेल तर ४०९६, प्रोसेसर २, डिस्क २५ जीबी, हळूहळू वाढणारी. मेमरीच्या पट्टीवर हिरवा भाग संपून लाल सुरू होतो तिथपर्यंत कधीच जाऊ नका. होस्टला मेमरी कमी पडली की तो डिस्कवर लिहू लागतो आणि दोन्ही यंत्रणा अडखळतात.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारला जातो. तिथे रिकामं सोडून पुढे गेलात तर तुमच्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा चालवण्याचा, अधिकार मिळतो. पासवर्ड दिलात तर मिळत नाही, आणि मग ‘हा वापरकर्ता सुडोच्या यादीत नाही’ या संदेशाशी झगडावं लागतं. डेस्कटॉपच्या यादीत नोमवरची (GNOME) खूण काढा, एक्सएफसीई निवडा.

इन्स्टॉल झाल्यावर आयएसओ व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हमधून काढा, सगळे अपडेट घ्या, व्हीएम बंद करा. या व्हीएममध्ये कुठल्याही खात्यात लॉगिन करू नका. ती फक्त साचा म्हणून ठेवायची आहे.

६. दारं बंद करा

व्हीएम बंद असताना तिची सेटिंग्ज उघडा आणि एकेक दार बघा.

क्लिपबोर्ड. जनरल, ॲडव्हान्स्ड, शेअर्ड क्लिपबोर्ड: ‘डिसेबल्ड’. खालचं ड्रॅग अँड ड्रॉपही ‘डिसेबल्ड’. दोन्हीकडून चालणारा क्लिपबोर्ड सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण त्याचा अर्थ नीट बघा. तुम्ही होस्टवर किंवा दुसऱ्या व्हीएमच्या खिडकीत पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्ड कॉपी करता. जोखमीची व्हीएम मागे उघडी आहे. तो पासवर्ड त्याच क्षणी तिच्याही क्लिपबोर्डवर जाऊ शकतो आणि आतला कुठलाही प्रोग्रॅम तो निमूटपणे वाचू शकतो. ‘फक्त होस्टकडून गेस्टकडे’ ही दिशा लोकांना सुरक्षित वाटते, पण वर सांगितलेली चोरी नेमकी याच दिशेने होते. उलट दिशाही निर्धोक नाही: गेस्टमधला कोड होस्टच्या क्लिपबोर्डवरची बँक खात्याची ओळ बदलून स्वतःची घालू शकतो. खरोखर गरज पडली तर चालू व्हीएमच्या डिव्हाइसेस मेनूतून तेवढ्यापुरता क्लिपबोर्ड चालू करा, एक ओळ चिकटवा, लगेच बंद करा.

सामाईक फोल्डर. आता एकही नको. नवव्या पायरीत एकच, ठरावीक कामासाठी, जोडायचा आहे. पूर्ण होम फोल्डर किंवा डेस्कटॉप सामाईक करणं म्हणजे भिंत बांधून तिला खिंडार पाडणं. एखाद्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल्स अडकवणाऱ्या कोडने, गेस्टमधल्या फाइल्स कुलूपबंद केल्या तर लिहिण्याची मुभा असलेला सामाईक फोल्डरही त्यात जातो.

डिस्प्ले. थ्री-डी ॲक्सिलरेशन बंद. ग्राफिक्सचा कोड प्रचंड मोठा आणि गुंतागुंतीचा असतो, आणि तो गेस्टच्या सांगण्यावरून होस्टवर चालतो.

ऑडिओ. ऑडिओ इनपुट बंद, म्हणजे मायक्रोफोन आत जात नाही. आवाजाची गरजच नसेल तर पूर्ण ऑडिओ बंद. वेबकॅम जोडू नका.

सिस्टिम. बूट क्रमातून फ्लॉपी काढा आणि स्टोरेजमध्ये फ्लॉपी कंट्रोलर असेल तर तोही काढून टाका. फ्लॉपी आज कोण वापरतं, असं वाटेल. पण मे २०१५मध्ये ‘व्हेनम’ नावाने जाहीर झालेला दोष, सीव्हीई-२०१५-३४५६, क्यूएमू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्येच होता. तो कोड २००४पासून तिथे होता आणि झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स अशा अनेकांनी तो वापरला होता. गेस्टमधून निघून होस्टवर कोड चालवण्याची वाट त्यातून उघडत होती. काही यंत्रणांत तर फ्लॉपी बंद ठेवली तरी दोषाचा कोड चालूच राहत होता, त्यामुळे खरा उपाय अपडेट हाच ठरला. नको ती उपकरणं काढणं गरजेचं आहेच, पण ते अपडेटची जागा घेत नाही.

यूएसबी. कंट्रोलर बंद ठेवा. पेन ड्राइव्ह गेस्टमध्ये जोडला की होस्ट सुरक्षित, ही समजूत अर्धवट आहे. ड्राइव्ह खोचल्यावर तो आधी होस्टला दिसतो, होस्टचे ड्रायव्हर त्याच्याशी बोलतात, आणि मग तो गेस्टकडे सोपवला जातो. २०१४मध्ये बॅडयूएसबी या नावाने दाखवलेल्या हल्ल्यात पेन ड्राइव्हच स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतो आणि आज्ञा टाइप करतो. तो कीबोर्ड गेस्टला नव्हे, होस्टला मिळतो. अनोळखी पेन ड्राइव्हपुढे ही मांडणी पुरी पडत नाही, तो खोचूच नका.

७. नेटवर्कचा विचार वेगळा करा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी व्हीएम नॅट पद्धतीने, म्हणजे होस्टच्या आडून त्याच्याच पत्त्याने, नेटवर्कला जोडलेली असते. बाहेरून कुणी थेट तिच्यापर्यंत पोचू शकत नाही, हे चांगलं. पण आतून बाहेर जाण्यावर बंधन नसतं, आणि ‘बाहेर’मध्ये तुमचं घरचं नेटवर्कही येतं. स्वतः करून बघा. गेस्टच्या ब्राउझरमध्ये तुमच्या राउटरचा पत्ता टाका, बहुतेक घरांत तो १९२.१६८ने सुरू होतो. राउटरचं लॉगिन पान उघडलं? मग गेस्टमधल्या घातक कोडलाही ते उघडतं, आणि प्रिंटर, नेटवर्कवरची डिस्क, घरातले इतर संगणकही दिसतात.

ब्रिज्ड पद्धत तर टाळाच. तिच्यात व्हीएम घरच्या नेटवर्कवर स्वतंत्र यंत्र म्हणून उभी राहते, दोन्ही बाजूंनी उघडी.

मग काय करायचं, ते व्हीएमच्या कामावर ठरतं.

कागदपत्रं उघडायच्या व्हीएमला नेटवर्कच देऊ नका. सेटिंग्ज, नेटवर्क, ॲडॉप्टर १, ‘एनेबल’वरची खूण काढा. इतक्या कमी कष्टात इतकं मोठं संरक्षण देणारी दुसरी पायरी या लेखात नाही. पीडीएफमधला कोड चालला तरी त्याला पाठवणाऱ्याशी बोलता येत नाही, पुढचा घातक कोड उतरवता येत नाही, चोरलेलं बाहेर पाठवता येत नाही. अपडेट घ्यायचे असतील तेव्हा आधी स्वच्छ स्नॅपशॉटवर (व्हीएमची जपून ठेवलेली अवस्था, आठव्या पायरीत येईल) जा आणि तेवढ्यापुरता ॲडॉप्टर चालू करा.

रोजच्या व्हीएमला नॅट द्या. सोबत राउटरचा मूळ पासवर्ड बदला, आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय असेल तर होस्ट त्यावर जोडायचा विचार करा.

यापुढे जायचं असेल तर फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कची वाहतूक अडवणारी, वेगळी छोटी व्हीएम करा. तिला दोन ॲडॉप्टर: पहिला नॅट, दुसरा ‘इंटर्नल नेटवर्क’. रोजच्या व्हीएमला फक्त तेच इंटर्नल नेटवर्क. फायरवॉल व्हीएममध्ये पुढे पाठवण्याच्या नियमांत १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या तिन्ही खासगी पट्ट्यांकडे जाणारी वाहतूक अडवा, बाकी सोडा. हे केल्यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘इंटरनेट बंद पडलं’. बहुतेक वेळा इंटरनेट चालू असतं, फक्त नावावरून पत्ता शोधण्याची विनंती राउटरकडे जात असते आणि तीच आता अडलेली असते. रोजच्या व्हीएममध्ये डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) म्हणून एखादा सार्वजनिक सर्व्हर घाला, पानं उघडू लागतील.

हेच नियम रोजच्या व्हीएमच्या आत का लिहू नयेत? कारण आत शिरलेल्या कोडने तिथला रूटचा अधिकार मिळवला की तो ते नियम पुसून टाकेल. भिंतीपलीकडचे नियम त्याच्या हाताला लागत नाहीत.

८. क्लोन, स्नॅपशॉट आणि टाकाऊ व्हीएम

‘पाया’वर उजवी क्लिक, ‘क्लोन’. प्रकार ‘फुल’, आणि मॅक पत्त्यांसाठी (नेटवर्क ॲडॉप्टरचे ओळख-क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) ‘सगळ्या ॲडॉप्टरना नवे पत्ते’. अशा दोन प्रती करा: ‘रोज’ आणि ‘कागद’. ‘लिंक्ड’ प्रकारात जागा वाचते, पण ती प्रत पायाच्या डिस्कवर टेकलेली असते. पाया बिघडला की सगळ्या प्रती बिघडतात. क्लोन झाल्यावर प्रत्येकीचे अपडेट स्वतंत्र घ्यावे लागतात, पायाचे अपडेट त्यांच्यात आपोआप येत नाहीत.

‘कागद’मध्ये पीडीएफ वाचक आणि लिबर ऑफिस एवढंच बसवा. पुढच्या पायरीसाठी गेस्ट ॲडिशन्सही, म्हणजे सामाईक फोल्डरसारख्या सोयी देणारं व्हर्च्युअलबॉक्सचं गेस्टमधलं सॉफ्टवेअर, लागतील. त्यासाठी कंपायलर, मेक आणि चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स आधी बसवा, मग डिव्हाइसेस मेनूतून ॲडिशन्सची सीडी घालून तिच्यातली लिनक्सची फाइल रूटच्या अधिकाराने चालवा. हेडर्स जुन्या कर्नलचे असले की मॉड्यूल बनत नाही, म्हणून अपडेट झाल्यावर आधी गेस्ट एकदा पुन्हा सुरू करा आणि मगच हे करा.

नवव्या पायरीतला फोल्डर जोडून झाला की नेटवर्क बंद करा, व्हीएम पूर्ण बंद करा आणि स्नॅपशॉट घ्या. नाव ‘स्वच्छ’ आणि तारीख. चालू व्हीएमचा स्नॅपशॉट घेतलात तर तिच्या मेमरीची प्रतही होस्टच्या डिस्कवर लिहिली जाते, त्यात उघडे पासवर्डही असू शकतात.

काम झालं की खिडकी बंद करताना ‘पॉवर ऑफ’ निवडा आणि त्याखालच्या ‘रिस्टोअर करंट स्नॅपशॉट’वर खूण करा. कागद उघडला, वाचला, व्हीएम पुन्हा ‘स्वच्छ’वर आली. ही खूण करायला विसराल असं वाटत असेल तर डिस्कचा प्रकार ‘इम्म्युटेबल’ करता येतो: स्नॅपशॉट काढून टाका, व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये डिस्क मोकळी करा, प्रकार बदला, पुन्हा जोडा. मग प्रत्येक वेळी व्हीएम नव्याने सुरू करताना मागचं सगळं पुसलं जातं. मात्र गेस्टच्या आतून केलेल्या रीस्टार्टला हे पुसणं होत नाही. व्हीएम पूर्ण बंद करूनच सुरू करावी लागते. इम्म्युटेबल डिस्कसोबत स्नॅपशॉट वापरू नका, वागणूक बदलते.

‘रोज’चं तसं नाही, तिच्यात तुमचे बुकमार्क आणि लॉगिन असतात. तिचा एक स्वच्छ स्नॅपशॉट ठेवा आणि शंका आली तर मागे जा. मागे गेल्यावर लॉगिन केलेल्या खात्यांचे पासवर्डही बदला. व्हीएम स्वच्छ झाली तरी आधी चोरीला गेलेलं परत येत नाही.

स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर, मूळ फाइलवर टेकून असतो. लांबलचक साखळी झाली की जागाही खातो आणि वेगही. दोनपेक्षा जास्त ठेवू नका आणि जुने काढायचे ते व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढा. फाइल मॅनेजरमधून त्या फाइल्स हाताने पुसल्या की व्हीएम उघडतच नाही.

९. फाइल एका व्हीएममधून दुसरीत नेणं

अटॅचमेंट ‘रोज’मध्ये येते आणि उघडायची असते ‘कागद’मध्ये. होस्टवर ‘देवघेव’ नावाचा रिकामा फोल्डर करा. ‘रोज’ला तो लिहिण्याच्या मुभेसह जोडा, ‘कागद’ला ‘रीड-ओन्ली’वर खूण करून. दोन्हीकडे ॲडिशन्स बसवलेल्या हव्यात. गेस्टमध्ये फोल्डर दिसतो पण ‘परवानगी नाही’ असं येत असेल तर तुमचा वापरकर्ता व्हीबॉक्सएसएफ या गटात नाही; तो गटात घाला, लॉगआउट करून परत या, आणि ‘कागद’मध्ये हे जमल्यावरच ‘स्वच्छ’ स्नॅपशॉट घ्या.

आता होस्टवरचा एक बारीक पण गंभीर सापळा. ‘देवघेव’ फोल्डर होस्टच्या फाइल मॅनेजरमध्ये नुसता उघडला, कशावरही क्लिक केलं नाही, तरी फाइल मॅनेजर प्रत्येक चित्राचं आणि बऱ्याचदा पीडीएफचंही छोटं चित्र बनवायला ती फाइल वाचतो. म्हणजे जी फाइल होस्टवर उघडायची नाही म्हणून एवढा खटाटोप केला, ती होस्टने उघडलीच. विंडोजवर फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यूखाली ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’वर खूण करा, प्रिव्ह्यूची खिडकी बंद ठेवा आणि हा फोल्डर शोधाच्या इंडेक्समधून वगळा. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्येही थंबनेल बंद करण्याची सोय असते. मुळात होस्टवरून त्या फोल्डरमध्ये जायचंच नाही, अशी सवय लावा. काम झालं की ‘रोज’मधूनच तो रिकामा करा.

१०. आठवड्याची पाळी

आठवड्यातून एकदा, साधारण अर्धा तास. होस्टचे अपडेट, मग व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती आहे का ते बघणं, मग ‘कागद’ ‘स्वच्छ’वर नेऊन तिचे अपडेट, बंद करणं, नवा स्नॅपशॉट, जुना काढणं, आणि ‘रोज’चे फक्त अपडेट. क्रम महत्त्वाचा आहे. आधी वापरलेल्या अवस्थेतच अपडेट घेऊन स्नॅपशॉट घेतला तर आत जे काही शिरलं असेल ते तुम्ही ‘स्वच्छ’ या नावाने जपून ठेवता.

होस्टच्या अपडेटमध्ये बायोस आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचना) हेही येतं. जानेवारी २०१८मध्ये जाहीर झालेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर, त्याच वर्षी ऑगस्टमधला फोरशॅडो, हे दोष प्रोसेसरमध्येच होते. फोरशॅडोच्या एका प्रकारात तर गेस्टला प्रोसेसरच्या कॅशमधली होस्टची माहिती वाचता येत होती.

महिन्यातून एकदा बंद व्हीएम निर्यात करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती प्रत परत आयात होते का ते एकदा तरी करून बघा.

काही दिवस थांबवून ठेवलेली व्हीएम पुन्हा सुरू केल्यावर प्रत्येक संकेतस्थळावर प्रमाणपत्राची चूक दिसत असेल तर घाबरू नका, आधी गेस्टचं घड्याळ बघा. ते मागे राहिलेलं असतं.

११. याने काय होत नाही

खोट्या पानावर तुम्ही स्वतः पासवर्ड टाकलात तर तो गेला, व्हीएम काही करू शकत नाही. व्हीएम वापरल्याने तुमचा आयपी पत्ताही लपत नाही. आणि ‘व्हीएममध्ये चालवून बघितलं, काही झालं नाही, म्हणजे फाइल चांगली आहे’ हा निष्कर्ष कधीच काढू नका. आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून गप्प बसणारा घातक कोड असतो, तो होस्टवर गेल्यावरच जागा होतो.

भिंत तोडून बाहेर पडणं कठीण आहे, अशक्य नाही. २०१७च्या पॉनटुओन या हॅकिंगच्या स्पर्धेत दोन संघांनी व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या गेस्टमधून होस्टपर्यंत जाऊन दाखवलं होतं. सर्वसाधारण माणसावर असा महागडा हल्ला सहसा कुणी खर्च करत नाही, पण पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते असाल तर पुढचा परिच्छेद नीट वाचा.

विंडोज प्रो वापरणाऱ्यांना एखादी फाइल अधूनमधून बघायला विंडोज सँडबॉक्स, म्हणजे विंडोजमधलीच टाकाऊ व्हीएम, पुरतो. तो मे २०१९च्या आवृत्तीपासून मिळतो, होम आवृत्तीत नसतो, आणि खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. मात्र त्यात नेटवर्क आणि क्लिपबोर्ड सुरुवातीपासून चालू असतात, ते सेटिंग्जच्या फाइलमधून बंद करावे लागतात. सगळं जगणंच असं विभागायचं असेल तर क्यूब्स ओएस ही व्हीएमवरच उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम बघा. त्याची १.० आवृत्ती २०१२मध्ये आली. झेनवर चालतं, नेटवर्क कार्ड आणि यूएसबी यांनाही वेगळ्या व्हीएममध्ये ठेवतं, मुख्य यंत्रणेला नेटवर्कच देत नाही, आणि प्रत्येक खिडकीच्या कडेला तिच्या व्हीएमचा रंग दाखवतं. किमान ६ जीबी मेमरी चालते असं सांगितलं जातं, पण १६ जीबीखाली जाऊ नका. प्रोसेसरमध्ये उपकरणं व्हीएमकडे सोपवण्याची सोय, इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं एएमडी-व्हीआय, हीही हवी. नवा लॅपटॉप त्यासाठी घेणार असाल तर आधी क्यूब्सच्या हार्डवेअर यादीत तेच मॉडेल शोधा. ग्राफिक्स आणि वाय-फाय या दोन रकान्यांतच बहुतेकांची गाडी अडते.